जर्मनीत सहकुटुंब राहायला येताना : घराची घडी आणि घरी असणारी व्यक्ती

नेकारकाठ

नमस्कार मंडळी,

श्टुटगार्ट आणि आसपासच्या गावांत पुण्या-नाशकाकडून नोकरीसाठी येणे नवे नाही. मोटारी आणि त्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने दोन्हीकडे आहेत, मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत. पण पूर्वी बहुतेक जण वर्ष-दोन वर्षांच्या कामावर एकटे यायचे. आता लहान मुलांसह आणि पुष्कळदा इथेच राहण्याच्या विचाराने येतात. व्हिसा, पगार, कर यांची माहिती ठिकठिकाणी मिळते. मला लिहायचे आहे ते सकाळी सात ते रात्री नऊ या वेळात घरात काय घडते त्याविषयी.

माझे म्हणणे आधीच सांगते. नोकरी करणाऱ्याला कंपनी असते, सहकारी असतात, तिथे इंग्रजीवर काम भागते आणि पहिल्या आठवड्यापासून त्याच्या दिवसाला आकार असतो. मागून आलेला जोडीदार, मग ती पत्नी असो वा पती, दार लागल्यावर घरात उरतो आणि त्याच्या वाट्याला सगळे जर्मन बोलणारे जग येते : बालवाडी, शाळा, मुलांचे डॉक्टर, घरमालक, शेजारी. बहुतेक घरांत सर्वांत कमी जर्मन येत असते तेही त्यालाच. कुटुंब रुळले की नाही हे घरी असणाऱ्या व्यक्तीकडे पाहूनच कळते, म्हणून पहिल्या वर्षातला सर्वांत जास्त वेळ, पैसा आणि धीर तिच्यासाठी राखून ठेवावा, असे मला कळकळीने वाटते. मी २०१४ पासून इथे आहे आणि नव्या कुटुंबांबरोबर कचेऱ्यांत, डॉक्टरांकडे, शाळांत दुभाषी म्हणून जाते. त्यामुळे हे मत एका घरावरून बनलेले नाही.

ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या निवास परवान्यावर, येणाऱ्याच्या जोडीदाराला येण्याआधी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही आणि आल्याबरोबर नोकरी करण्याची मुभा असते. सवलत चांगलीच आहे. मात्र तिच्यामुळे ‘तिकडे गेल्यावर बघू’ असे होऊन भाषा मागे पडते. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे, इतर शहरांतही वर्ग चालतात. हाताशी चार-सहा महिने असतील तर सामान बांधण्याआधी हे काम धरा. इथल्या सरकारी इंटिग्रेशन कोर्समध्ये भाषेच्या ६०० आणि समाजव्यवस्थेच्या १०० तासिका असतात, प्रत्येकी ४५ मिनिटांच्या. मूल लहान असेल तर हा कोर्स बालवाडीच्या जागेवाचून अडतो, आणि शहरात ती जागा मिळवणे हे मोठे दिव्य आहे. तोवर लोकविद्यापीठाचा, म्हणजे फोल्क्सहोखशूलेचा, संध्याकाळचा वर्ग लावावा आणि वर्गाच्या दिवशी नोकरी करणाऱ्याने काहीही झाले तरी वेळेवर घरी यावे. या एका गोष्टीवर मी अडून बसते, कारण ‘आज बैठक आहे, आजचा दिवस बुडव’ असे म्हणता म्हणता वर्ग सुटलेले मी फार पाहिले आहेत.

आता पत्ता. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि तिला घरमालकाचे लेखी पत्र लागते. त्यानंतर सगळे टपालाने येते : कर क्रमांक, विम्याचे कार्ड, बँकेचे गुप्त क्रमांक. इमारतीतल्या सदनिकांना बहुधा क्रमांक नसतो, पोस्टमन पेटीवरचे आडनाव पाहून पत्र टाकतो. लग्नानंतर माहेरचे आडनाव ठेवणाऱ्या आपल्याकडे पुष्कळ जणी आहेत. पेटीवर फक्त पतीचे आडनाव असले की तिची पत्रे सरळ परत जातात. विम्याचे कार्ड परत गेलेले आणि मूल तापाने फणफणलेले, अशा अवस्थेत आलेले फोन मी घेतले आहेत. दोघांची आडनावे पेटीवर आणि घंटेशेजारी पहिल्याच दिवशी लावून घ्या.

आमच्या श्वाबेन भागात केरवोखे नावाची रीत आहे. ज्या घराची पाळी, त्या घराच्या दाराला एक पाटी लटकते. त्या आठवड्यात आपल्या मजल्यासमोरचा जिना झाडून पुसायचा, मोठी पाळी असेल तर अंगण आणि पदपथही साफ करायचा, आणि मग पाटी पुढच्या दाराला अडकवायची. नव्या कुटुंबांना याचा जाच वाटतो, आणि ‘भाडे देतो तरी जिना आम्हीच पुसायचा का’ हा प्रश्न हमखास येतो. माझ्या ओळखीच्या एका ताईंनी पाटी नुसती अडकवण्याऐवजी घंटा वाजवून हातात द्यायला सुरुवात केली. समोरच्या वयस्क बाईंनी पहिल्या वेळी ती निमूट घेतली. दुसऱ्या वेळी बाहेर येऊन दारासमोरचे पायपुसणे उचलले, खालची फरशी दाखवली आणि हीसुद्धा पुसायची असते असे हातवारे करून सांगितले. ताई ओशाळल्या, पण आतून फडके आणून त्यांनी ती तिथल्या तिथे पुसली. पुढे कुरियर आले की त्या बाई ते ठेवून घेऊ लागल्या, मुलाला सर्दी झाली की कोणते औषध चिठ्ठीशिवाय मिळते ते सांगू लागल्या. वर्गातले जर्मन तोंडात यायला अशी चार माणसे लागतात, आणि ती घरी असणाऱ्यालाच मिळू शकतात.

स्वयंपाकघराचे थोडक्यात. भाड्याच्या घरात ओटा-कपाटे नसणे इथे सर्रास चालते, त्यामुळे घर पाहतानाच विचारावे. रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी पूर्ण दिवस शांतता पाळायची असते. इडलीचे पीठ शनिवारी दुपारीच वाटून ठेवावे. दुकानेही रविवारी बंद असतात, म्हणून शनिवार संध्याकाळपर्यंत दूध-भाजी घरात हवी. ४०५ क्रमांकाचे पीठ मैद्यासारखे असते, पोळ्यांची कणीक भारतीय किंवा तुर्की दुकानातून आणावी. बिनसायीचा क्वार्क, म्हणजे दह्यासारखे मऊ ताजे चीज, रात्रभर फडक्यात बांधून ठेवला की उत्तम चक्का होतो. दसऱ्याला श्रीखंडावाचून अडत नाही.

खिडक्यांचा विषय मात्र गंभीर आहे. इथली घरे घट्ट बंद होतात. फोडणी, कुकरची वाफ आणि हिवाळ्यात घरात वाळत घातलेले कपडे यांचा ओलावा भिंतीत मुरून कपाटामागे बुरशी धरते. अनामत रक्कम तीन महिन्यांच्या भाड्याइतकी असू शकते, आणि घर सोडताना वाद याच बुरशीवरून होतो. बाहेर बर्फ असला तरी दिवसातून दोन-तीन वेळा सगळ्या खिडक्या पूर्ण उघडून पाच-दहा मिनिटे वारा खेळवायचा. ‘लेकराला गारठा लागेल’ या भीतीने महिनोन्महिने खिडकी न उघडलेली घरे मी पाहिली आहेत, आणि त्या घरांतली मुलेच जास्त खोकत होती असे माझे निरीक्षण आहे.

शेवटी हिवाळा. डिसेंबरात आमच्याकडे सूर्य आठनंतर उगवतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे मागे गेली की भारताशी असलेले साडेतीन तासांचे अंतर साडेचार तासांचे होते. म्हणजे संध्याकाळी पाचला इथे काळोख पडतो तेव्हा आपल्या गावी रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात आणि आईवडील झोपायच्या तयारीत असतात. दिवसभर फोनवर माहेरशी बोलणाऱ्या व्यक्तीचा आधार नेमका त्या वेळी तुटतो, आणि नोकरी करणारा यायला अजून दोन तास असतात. पाच ते सात या दोन तासांसाठी घराबाहेरचे काहीतरी ठरवून ठेवा : मुलांचा पोहण्याचा वर्ग, ग्रंथालय, दुसऱ्या एखाद्या कुटुंबाकडे चहा. इतर देशांतल्या कुटुंबांचा अनुभव वेगळा असेल, पण इथे पहिल्या हिवाळ्यात रडू कोसळते ते याच वेळी.

आपापले अनुभव लिहावेत, आणि येणाऱ्यांनी शंका विचाराव्यात.

गोदातीर

धाग्याबद्दल मनःपूर्वक आभार. आम्ही जानेवारी २०२६ मध्ये नाशिकहून श्टुटगार्टजवळ येत आहोत. मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि इथे चौथीत शिकतो. मुलगी तीन वर्षांची आहे. मुलाला जर्मन येत नाही. तिथे चौथीनंतर मुलांची वेगवेगळ्या शाळांत विभागणी होते असे ऐकल्यापासून आम्ही धास्तावलो आहोत. त्याला कोणत्या वर्गात बसवतील, आणि मुलीच्या बालवाडीची तयारी आतापासून काय करावी, याचे मार्गदर्शन मिळाल्यास उपकार होतील.

सह्यकडा

मी बर्लिनमध्ये राहतो. शिक्षण हा इथे राज्यांचा विषय असल्यामुळे आमच्याकडे आणि ब्रांडेनबुर्गमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते, तर तुमच्या बाडेन-व्युर्टेम्बेर्गसह बाकीच्या राज्यांत चौथीपर्यंत. माझी मुलगी दहाव्या वर्षी आली तेव्हा नवागत मुलांच्या वर्गात बसली आणि हळूहळू गणित, चित्रकला, खेळ या तासांना नेहमीच्या वर्गात जाऊ लागली. तुमच्या राज्यातही अशा पूर्वतयारी वर्गांची सोय आहे.

मला एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. चौथीनंतर मूल गिम्नाझियममध्ये, म्हणजे विद्यापीठाकडे सरळ नेणाऱ्या शाळेत, गेले नाही तर त्याचे भवितव्य संपले, अशी समजूत करून घेऊन आपली मंडळी नवव्या वर्षाच्या मुलाच्या मागे हात धुऊन लागतात. रेआलशूले किंवा एकत्रित शाळेतून दहावी झाल्यावरही पुढे विद्यापीठाकडे जाणारे रस्ते आहेत आणि ते वापरणारी मुले पुष्कळ आहेत. परक्या भाषेत पहिले वर्ष काढणाऱ्या मुलाची झोप नीट होते का, शाळेतले एक तरी मूल त्याच्याशी खेळते का, डबा संपतो का, एवढेच तेव्हा पाहावे. चौथीच्या ऐवजी तिसरीत बसवण्याचा सल्ला शाळेने दिला तर त्यात अपमान मानू नये. एक वर्ष जादा मिळाले तर मुलाला भाषेला अवसर मिळतो.

नेकारकाठ

सह्यकडा यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे.

गोदातीर, बालवाडीविषयी. वयाचे पहिले वर्ष पूर्ण झाल्यावर मुलाला बालसंगोपनाच्या जागेचा कायदेशीर हक्क ऑगस्ट २०१३ पासून आहे. प्रत्यक्षात जागा कमी आणि अर्ज जास्त असतात. घराचा पत्ता नक्की होताच तिथल्या नगरपालिकेच्या संकेतस्थळावर नोंदणी करा आणि जवळपासच्या बालवाड्यांना ईमेल पाठवा. मार्च २०२० पासून बालवाडी आणि शाळा दोन्हींकडे गोवराच्या लसीचा पुरावा द्यावा लागतो, तेव्हा दोन्ही मुलांच्या लसीकरणाची कार्डे हातातल्या बॅगेत ठेवा आणि डॉक्टरांकडून तारखा स्वच्छ अक्षरात लिहून घ्या.

जागा मिळाल्यावर मूल लगेच दिवसभर राहत नाही. रुळण्याचा काळ काही आठवड्यांचा असतो आणि त्यात आई किंवा वडील सोबत लागतात. बऱ्याच ठिकाणी बर्लिन पद्धत चालते : पहिले तीन दिवस पालक तासभर वर्गात नुसते बसून राहतात, मुलाला एकटे सोडत नाहीत, आणि चौथ्या दिवशी पहिल्यांदा काही मिनिटांसाठी बाहेर जातात. दाराशी प्रत्येक मुलासाठी चित्राची खूण असलेली खुंटी असते. ससा, छत्री, गोगलगाय असे काही. बूट काढून घरातल्या सपाता घालायच्या, जाकीट ससा असलेल्या खुंटीला, डबा टोपलीत.

आपल्याकडे मूल खेळात रमले की त्याची नजर चुकवून निघून जायची सवय असते. इथल्या शिक्षिका तसे अजिबात करू देत नाहीत. मुलासमोर वाकून, त्याच्या डोळ्यांत पाहून ‘मी जाते, जेवणानंतर येते’ असे सांगायचे, आणि ते रडले तरी सांगितल्याप्रमाणे निघायचे, कबूल केलेल्या वेळी परत यायचे. हे फार जड जाते. एका आईला दारामागे उभे राहून डोळे पुसताना पाहून शिक्षिकेने तिच्या हातात कॉफीचा कप दिला आणि तुमच्या भाषेत ‘पाणी’ला, ‘भूक’ला, ‘शू’ला काय म्हणतात ते लिहून मागितले. ती चिठ्ठी भिंतीवर लागली, आणि मुलीने ‘पाणी’ म्हटले की पाणी मिळू लागले. असे पाच-सात शब्द तुम्हीही रोमन लिपीत लिहून न्या. जर्मन शिकवण्याच्या घाईने घरी मुलीशी मोडकेतोडके जर्मन बोलू नका. घरात मराठीच असू द्या. वर्गातले जर्मन तिला वर्गात मिळेल.

मुलांचा नियतकालिक तपासण्यांचा कार्यक्रमही असतो, जन्मापासून पाच वर्षांपर्यंत ऊ१ ते ऊ९ अशा. त्यांच्या नोंदींची पिवळी वही मिळते. मुलांचे डॉक्टर आल्याबरोबर शोधा, कारण बरेच जण नवे रुग्ण घेत नाहीत. दवाखाना बंद असताना तातडी नसलेल्या दुखण्याला ११६११७, आणि जिवावर बेतले तर ११२.

रानजाई

आमच्या घरी नोकरी माझी आणि मागून आले ते माझे पती, म्हणून लिहिते आहे. वर वर्णन केलेले बालवाडीचे पहिले चार आठवडे त्यांनी काढले. त्या वर्गात सकाळी मुलांना सोडायला येणाऱ्यांत वडील बरेच होते, त्यामुळे तिथे त्यांना कधी अवघडल्यासारखे झाले नाही. अवघड झाले ते भारतातून येणाऱ्या फोनमुळे. ‘जावई सध्या काय करतात?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यावे हे माझ्या आईला सुचेना, आणि प्रत्येक सणाला तोच प्रश्न नव्याने यायचा. शेवटी मी सर्वांना एकदाच स्पष्ट सांगितले की ते घर चालवतात आणि जर्मन शिकतात, आणि त्यांच्यामुळे मी नोकरी करू शकते.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. उत्पन्न नसलेला जोडीदार आणि मुले सरकारी आरोग्य विम्यात वेगळा हप्ता न भरता येतात, ती नोंद आल्याबरोबर करून घ्या. आणि भारतातला वाहन परवाना पहिले सहा महिनेच चालतो; नंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, शिकवणीचा खर्च बराच येतो. गावात राहणार असाल तर तो खर्च घरी असणाऱ्या व्यक्तीसाठी आधी करा. माझ्या पतींना गाडी मिळाल्यावर आमच्या घराची कळा बदलली.

पंचगंगा

धागा मोलाचा आहे, परंतु मुख्य मुद्द्याशी माझा मतभेद आहे. आम्ही आलो तेव्हा आमचे बाळ सहा महिन्यांचे होते. रात्रभर जागरण, परका देश, सासर-माहेरचे कोणी नाही. अशा वेळी ‘भाषा शिक, बाहेर पड, शेजाऱ्यांशी बोल’ हा आग्रह म्हणजे आणखी एक ओझे होते. मी सर्व कागदपत्रे, बँक, घरमालक, विमा स्वतःकडे घेतले आणि पत्नीला बाळाकडे पाहू दिले. चुकीचा अर्ज भरला तर महिने वाया जातात, त्यामुळे ज्याला जमते त्याने करणे हेच शहाणपणाचे होते. तिने वर्षभरानंतर स्वतःहून वर्ग लावला. प्रत्येक घराची गती वेगळी असते आणि ती असू द्यावी.

नेकारकाठ

पंचगंगा, अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईला वर्गात बसवावे असे मी म्हणणार नाही. तिला आधी झोप हवी. ज्यांची प्रसूती इथे होणार आहे त्यांनी सुईणीची, म्हणजे हेबामेची, सोय गरोदरपणातच करावी. ती प्रसूतीनंतर बारा आठवड्यांपर्यंत घरी येते आणि तिचा खर्च सरकारी विमा देतो. बाळंतिणीजवळ आई नसताना बाळाची नाळ, दूध, टाके हे सगळे नीट पाहणारे घरातले ते एकमेव माणूस असते.

मात्र कागदपत्रांच्या बाबतीत मी माझे मत बदलत नाही. तुम्ही अर्ज भरलात यात वावगे काही नाही. माझे म्हणणे इतकेच की भरताना ती शेजारी बसलेली असावी. बँक खाते दोघांच्या नावे असावे आणि तिचे कार्ड तिच्या पाकिटात असावे. घरभाड्याच्या करारावर दोघांच्या सह्या असाव्यात. डॉक्टरांची वेळ घेण्याचा फोन तिने एकदा तुमच्या देखत करावा. पती परगावी असताना किंवा, देव न करो, आजारी पडल्यावर स्वतःच्या मुलाचा विमा क्रमांकही न सापडणाऱ्या सुशिक्षित, नोकरी केलेल्या बायका मला भेटल्या आहेत. भारतात त्याच बाईने घरकर्जाचे हप्ते आणि सासऱ्यांचे ऑपरेशन एकटीने निभावलेले असते. अशी बाई इथे वर्षभरात परावलंबी होते तेव्हा घरात कोणी वाईट वागलेले नसते. प्रेमापोटी एकाने सगळे अंगावर घेतलेले असते. पण त्याचे परिणाम तिला भोगावे लागतात, म्हणून मी इतके ठासून लिहिते.

पंचगंगा

दोघांच्या सह्या आणि दोघांचे खाते हे मान्य आहे. आमच्याकडे खाते माझ्या एकट्याच्याच नावे आहे. हे वाचून पत्नीनेच मला विचारले. या आठवड्यात वेळ घेतो.

जास्वंद

वर प्रश्न विचारणारे गोदातीर माझे यजमान. हा धागा त्यांनी मला वाचायला दिला आणि मी आजच सदस्य झाले. मी नाशिकमध्ये माध्यमिक शाळेत गणित शिकवते आणि बारा वर्षांची नोकरी सोडून येत आहे. तिथे मला शिकवता येईल का, हा माझा खरा प्रश्न आहे. मुलांचे होईल, अशी माझी खात्री आहे.

नेकारकाठ

जास्वंद, आपले स्वागत. आपण स्वतः लिहिलेत याचा मला फार आनंद झाला.

शिक्षकाचा पेशा इथे नियमनाखाली येतो, म्हणजे आधी आपली पदवी राज्य सरकारकडून तपासून मान्य करून घ्यावी लागते. इथला शिक्षक साधारणपणे दोन विषय शिकवतो, त्यामुळे एका विषयाच्या पदवीवर पूर्ण मान्यता सहज मिळत नाही, अभ्यासक्रम जोडून घ्यावा लागतो. आणि जर्मन उत्तम लागते, ए१ ते सी२ या सहा पातळ्यांपैकी सी१ किंवा त्याहून वरचे. हा काही वर्षांचा रस्ता आहे आणि तो अवघड आहे, हे मी लपवणार नाही. पण गणिताचे शिक्षक इथे हवे आहेत. निघण्यापूर्वी बी.एस्सी. आणि बी.एड.च्या प्रत्येक वर्षाच्या गुणपत्रिका, विषयवार अभ्यासक्रम आणि शाळेचे अनुभवपत्र विद्यापीठाच्या व शाळेच्या शिक्क्यासह घ्या. अनुभवपत्रात कोणते वर्ग, कोणता विषय, आठवड्याला किती तासिका हे स्पष्ट हवे. भारतात राहून हे काम एका फेरीत होते, इथून करताना नातेवाइकांना खेटे घालावे लागतात.

दरम्यान प्राथमिक शाळांत दुपारनंतर मुलांना सांभाळण्याच्या, अभ्यास घेण्याच्या जागा असतात. शाळा दुपारी लवकर सुटते आणि नोकरी करणाऱ्या पालकांची मुले तिथेच थांबतात. २०२६-२७ या शालेय वर्षापासून पहिलीच्या मुलांना दिवसभराच्या देखभालीचा कायदेशीर हक्क मिळणार आहे, तेव्हा माणसे आणखी लागतील. बी१ झाल्यावर तिथे विचारा. मुलांच्या घोळक्यात भाषा लवकर येते आणि शाळा कशी चालते ते आतून कळते.

अजिंक्यतारा

मी साताऱ्याची, वय ६८. मुलगा-सून म्युनिकजवळ राहतात आणि मी दोनदा जाऊन आले आहे. आजी-आजोबांच्या बाजूने थोडे लिहिते.

शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, आणि निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा काढावा लागतो. मुलाने तिथल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीत जाऊन आमच्या खर्चाची हमी लिहून दिली होती, ते पत्र व्हिसासाठी उपयोगी पडले. पहिल्यांदा मी नोव्हेंबरात गेले. मदतीला म्हणून गेले आणि सून कामावरून येईपर्यंत खिडकीशी बसून राहिले, कारण शेगडी, नळ, कचऱ्याचे चार डबे, सगळेच विचारून करावे लागे आणि दर वेळी विचारायचा संकोच वाटे. दुसऱ्यांदा मे महिन्यात गेले तेव्हा सूनबाईने आधीच कामे ठरवून ठेवली होती. नातवाला बालवाडीतून आणायचे काम माझे. त्यासाठी आणायला येणाऱ्या माणसांच्या यादीत माझे नाव लेखी द्यावे लागते, नाहीतर त्या बाई मुलाला सोडत नाहीत, सख्खी आजी असली तरी. पहिल्या दिवशी त्यांनी माझा पासपोर्ट पाहिला. मला आधी राग आला, पण रस्त्याने येताना वाटले की असेच हवे.

रिकाम्या बाटल्या दुकानातल्या यंत्रात टाकून एका बाटलीमागे २५ सेंट परत आणायचे कामही मी आणि नातवाने घेतले. आईवडिलांना बोलावणाऱ्यांना माझे सांगणे आहे की त्यांना उजेडाच्या दिवसांत बोलवा, घराची किल्ली द्या आणि घराबाहेरचे एक काम त्यांच्यावर सोपवा. नुसते आराम करा म्हणू नका.

रानजाई

अजिंक्यतारा काकू, तुमचा प्रतिसाद मी आमच्या घरी मोठ्याने वाचून दाखवला. सासूबाई एप्रिलमध्ये येत आहेत. बालवाडीच्या यादीत त्यांचे नाव घालण्याचा अर्ज आजच मागवला.

गोदातीर

सर्वांचे ऋण मानतो. शेवटचा एक प्रश्न. आमच्या घरी गणपती दरवर्षी गावच्या घरात बसतो आणि मी थोरला मुलगा आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळे गावी येऊन गणपती करून परत जाणे शक्य होईल का? सुट्टी संपायला दोन-चार दिवस कमी पडले तर शाळा सांभाळून घेते का?

नेकारकाठ

आपल्या राज्यात उन्हाळ्याची सुट्टी जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत असते, त्यामुळे काही वर्षी गणपती सुट्टीत येतो. २०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि सगळ्यांना गावी जाता आले. २०२६ साली सुट्टी १२ सप्टेंबरला संपते आणि चतुर्थी १४ सप्टेंबरला, म्हणजे नेमकी शाळा उघडण्याच्या दिवशी आहे. शाळेची सक्ती इथे कडक आहे. सुट्टीला जोडून परवानगीवाचून रजा घेतल्यास दंड होतो, आणि आजारपणाचे खोटे कारण देण्याच्या भानगडीत तर पडूच नये. धार्मिक सणासाठी रजा हवी असेल तर मुख्याध्यापकांकडे आधी लेखी अर्ज करता येतो, पण मुलगा नव्या शाळेत, नव्या भाषेत शिकत असताना वर्षाचा पहिलाच दिवस त्याने चुकवू नये, असे मला वाटते. त्या दिवशी वर्गात बसायच्या जागा ठरतात, जोड्या जुळतात.

तेव्हा २०२६ ची स्थापना धाकट्या भावाकडे सोपवण्याचे घरात आताच बोलून ठेवा. शाडूची लहान मूर्ती येताना सामानात आणता येईल. मूर्ती कपड्यांत गुंडाळून हातातल्या बॅगेत ठेवा. मुलगा शाळेतून आला की दुपारी घरी पूजा करा. विसर्जन घरातच बादलीत करा, नेकार नदीत नको.